हळद लागलेल्या परदेशी नोटा

नोकरीतली ती दुपार अजून जशीच्या तशी डोळ्यांसमोर आहे. खून झाले, दरोडे झाले, सीमेवर गाड्या अडवून मालही पकडला. पण कुणी 'साहेब, एखादी केस सांगा' म्हटलं की मला आधी आठवते ती बेळगावशेजारच्या कंग्राळीची एक विधवा शेतकरी बाई आणि तिच्या रुमालातल्या नोटा. नावं सांगणार नाही. ती मंडळी तिथंच राहतात आणि मलाही बेळगावातच राहायचं आहे.

निवृत्ती जवळ आली होती. मी शहरातल्या एका ठाण्याचा इन्स्पेक्टर होतो. दुपारी परकीय चलन बदलून देणाऱ्या एका दुकानातून फोन आला. मॅनेजर दबक्या आवाजात म्हणाला, "साहेब, एक बाई आल्यात. पाच देशांच्या नोटा आहेत त्यांच्याकडे. दिरहॅम, रियाल, पौंड, डॉलर, युरो. युरो सोडून बाकी सगळ्यांचे युरो करून द्या म्हणतात. नोटांवर पिवळे-तांबडे डाग आहेत आणि कुठून आणल्या ते सांगत नाहीत."

परकीय चलनाचं काम खरं तर आमचं नव्हे, त्याची खाती वेगळी. पण संशयित मालाची खबर आली की जाऊन पाहावंच लागतं. त्यात हवालाच्या पैशांवर लक्ष ठेवा म्हणून वरून पत्रावर पत्र येत होती. डाग म्हटल्यावर तर माझं पोलिसी डोकं भलत्याच दिशेनं पळालं. बाईला आणि तिला बसवर सोडायला आलेल्या, दुकानाबाहेर थांबलेल्या तिच्या दिराला जीपमधून ठाण्यात आणलं.

बाई साठीच्या. पासपोर्ट, व्हिसा, विमानाचं तिकीट, सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट ठेवलेलं. लेक जर्मनीत, पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. तिला सासू नाही, म्हणून बाळंतपणाला आई निघालेली. संध्याकाळची मुंबईची बस, दुसऱ्या दिवशी विमान. खर्चासाठी जावयानं बँकेतून परदेशात चालणारं कार्डही करून दिलं होतं. मग ह्या नोटा कशाला? माझा प्रश्न तिथंच अडकला.

दोन संशयितांना एकत्र बसवायचं नाही, हा आमचा नियम. दिराला ठाणे अंमलदाराच्या टेबलाजवळ बसवलं, बाईंना माझ्या खोलीत. आमच्या महिला हेड कॉन्स्टेबल गोकाककडच्या, कन्नड बोलणाऱ्या. "कुंद्री अम्मा," म्हणून त्यांनी खुर्ची पुढे केली, पाणी दिलं.

"नोटा कुणाच्या?" मी विचारलं.

"माझ्याच."

"आणल्या कुठनं?"

"हुत्या घरात."

"पाच देशांच्या नोटा घरात? शेतात पिकतात काय?"

बाईंनी पिशवीतला पासपोर्ट काढून माझ्यापुढे सरकवला.

बाहेर दीर ताठ बसलेला. पांढरी टोपी, कडक मिश्या. मी विचारायच्या आधीच म्हणाला, "नोटा माझ्या हायत साहेब. वैनींचा काय संबंध न्हाय."

"किती आहेत?"

"हायत की थोड्या."

"कुठल्या देशाच्या?"

"भायेरच्या."

खोटं बोलणारी माणसं मी पोत्यानं पाहिली आहेत. पण इतकं वाईट खोटं बोलणारी जोडी दुसरी पाहिली नाही. मला राग येऊ लागला. आत येऊन मी बाईंना स्पष्ट सांगितलं, "खरं बोलला नाहीत तर पंचनामा करावा लागेल. नोटा जमा होतील, कागद दुसऱ्या खात्याकडे जातील. आजची बस विसरा."

त्या दचकल्या. "नोटा ठिवून घ्या साहेब, पर मला जाऊ द्या. पोरगी एकटी हाय तिथं. मी न्हाय पोचले तर तिनं बघायचं कुणाकडं?" एवढं बोलून त्यांनी नोटांचा रुमाल उचलला, कपाळाला लावला आणि माझ्या टेबलावर ठेवला.

तिथं माझा राग बसला. चोरीचा माल कपाळाला लावणारा चोर मला अजून भेटायचा आहे.

हेड कॉन्स्टेबलबाईंनी रुमाल उलगडला. नोटांना हळद-कुंकू लागलेलं, कडेला तांदळाचे दोन-चार दाणे. "सर, ही तर उडी," त्या म्हणाल्या. ओटीला कन्नडात उडी म्हणतात. मग त्यांनी मला डोळ्यांनीच दार दाखवलं. स्वतःच्या खोलीतून मला बाहेर काढण्याचा अधिकार ठाण्यात फक्त त्यांनाच होता. मी निघालो.

थोड्या वेळानं त्यांनी येऊन सगळं सांगितलं. लेकीला डोहाळजेवणाला माहेरी येता आलं नाही. म्हणून गल्लीतल्या बायकांनी शेजारच्या घरात चौरंग मांडला, मोबाईलवर लेकीला समोर घेतलं आणि म्हणाल्या, तिच्या वतीनं तू बस. नवरा गेल्यापासून बाईंच्या ओटीत कुणी काही घातलं नव्हतं. त्या नको नको म्हणत होत्या, पण बायकांनी धरून बसवलं. तिकडं आपला रुपया चालत नाही, म्हणून ज्यांची मुलं परदेशात आहेत त्यांनी मुलांनी दिलेल्या नोटा ओटीत घातल्या. लेकीला त्याचं बाळासाठी काहीतरी घेता यावं म्हणून बाई त्या बदलायला आल्या होत्या. गप्प राहिल्या त्या दिराच्या धाकानं. विधवा बाई ओटीला बसली हे त्याला कळलं तर घरात तोंड दाखवायला जागा राहणार नाही, असं त्यांना वाटत होतं. तिथं हजर असलेल्या जावेलाही त्यांनी घरात न बोलण्याची शपथ घातली होती.

खात्री केल्याशिवाय सोडायचं नसतं. ज्या घरात ओटी भरली त्या शेजारणीला फोन लावला. तिनं धडाधड सांगितलं, दिरहॅम कुणाचे, रियाल कुणाचे, पौंड कुणाचे, युरो कुणाचे. डॉलरचं मात्र तिला ठाऊक नव्हतं. "ती तांदळाखाली कुणी सरकवली, देव जाणे," म्हणाली. बाईंनाही माहीत नव्हतं.

मी बाहेर येऊन दिरासमोर बसलो. "बाकीच्यांचा पत्ता लागला. डॉलरची नोट कुणाची?"

त्यानं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. मग हळूच म्हणाला, "माझी. चुलत पुतण्याकडनं घेतलती. आमच्या कारभारणीच्या हातनं ताटात तांदळाखाली ठिवली. बाप्यानं ओटी भरायची नसती न्हवं साहेब." पुढे म्हणाला, "दादा गेला आन् वैनींनी हळदी-कुंकवाला जायचं सोडलं. आम्ही कुणी जावा म्हटलं न्हाय. ती चूक आमची. मला ठावं हाय म्हटलं की वैनी लाजंनं मरतील, म्हणून गप्प बसलतो."

दाराशी बाई उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. तोंडाला पदर लावून त्या रडू लागल्या. "भावजी, तुमाला ठावं हुतं?"

दिरानं वर पाहिलं नाही. "वैनी, नोटा बदलू नगासा. हळदीसकट तशाच न्या. आन् आमच्या पोरीला सांगा, काकानं पण ओटी भरलीया."

रक्कम किरकोळ होती, मुलांनी दिलेल्या भेटीची होती. रीतसर जबाब कन्नडात लिहून घेतला, मराठीत वाचून दाखवला, सह्या घेतल्या आणि नोटा परत केल्या. बस चुकू नये म्हणून त्यांना ठाण्याच्या जीपमधूनच स्टॅंडवर पाठवलं. आमच्या हेड कॉन्स्टेबलबाई मुद्दाम सोबत गेल्या आणि परत आल्या तेव्हा त्यांचेही डोळे लाल होते.

उभी नोकरी मी असं मानत आलो की जो गप्प बसतो तो काहीतरी लपवतो. ते खरंच आहे. पण माणूस काय लपवतो, हे त्या दोघांनी मला शिकवलं. सगळेच गुन्हा लपवत नाहीत. काही जण माया लपवतात, आणि ती कबूल करताना गुन्हेगारापेक्षा जास्त घाबरतात.