होळीत टाकायची पेटी

“सर, हे हायलायटर कशाला जाळताय?” मी पेटीत डोकावत विचारलं.

मुख्याध्यापक माझ्याकडे बघतच राहिले. “मॅडम, तुम्ही ओळखाल म्हणून तर आधी दाखवली.”

मी कोपरगावकडच्या एका सरकारी दवाखान्यात दातांची डॉक्टर आहे. तंबाखूमुक्तीचं काम आमच्याच गळ्यात असतं, कारण तंबाखू आधी तोंडात दिसते. ‘आ कर’ म्हटलं की गुटखा आहे की मिश्री, ते मला कळतं. पण या रंगीत कांड्यांपुढे माझी मती गुंग झाली. एकीला आंब्याचा वास, दुसरीला पुदिन्याचा.

“व्हेप आहेत,” एक तरुण शिक्षक म्हणाले.

व्हेप म्हणजे वाफेची सिगारेट. तंबाखू नाही, धूर नाही. निकोटीन, म्हणजे तंबाखूची तलफ लावणारं द्रव्य, तेवढं असतं. देशभर बंदी आहे हे मला माहीत होतं. हातात मात्र पहिल्यांदाच आली होती.

सरांनी महिनाभर शाळेत पुठ्ठ्याची पेटी ठेवली होती. ज्याच्याकडे जे असेल ते टाका, नाव विचारणार नाही, असा शब्द दिला होता. होळीच्या आदल्या दिवशी पटांगणात व्यसनांची होळी करायची, ही आमच्याकडच्या शाळांची रीत. गुटख्याच्या पुड्यांची माळ घातलेला पुतळा जाळायचा, शपथ घ्यायची, फोटो काढायचे.

हे जाळायचं की पोलिसांत द्यायचं, ते मला सुचेना. मी जिल्ह्याला आमच्या साहेबांना फोन लावला.

“त्यात तंबाखू आहे का?”

“नाही सर. निकोटीन आहे.”

“मग ते आपल्यात येतं का?”

“तेच विचारतेय.”

“कार्यक्रम उरकून घ्या. फोटो पाठवा.”

मग उरकायलाच घेतला. पुतळा पेटला. पेटी टाकायचा मान शाळा समितीच्या अध्यक्षांचा. भाऊसाहेब ऊस लावणारे, करारी गृहस्थ. पेटी घेऊन ते आगीजवळ वाकले.

तेवढ्यात नववीच्या रांगेतून एक मुलगी ओरडत उठली. “पप्पा, टाकू नका! त्यात बॅटरी हाय, फुटंल!”

ती भाऊसाहेबांचीच मुलगी, समीक्षा. त्यांनी पेटी छातीशी धरली. “तुला गं कसं म्हाईत?”

पटांगणात सगळ्यांना जे समजायचं ते समजलं. बॅटरीचा विचार मला शिवलाही नव्हता, आणि पेटीपासून चार हातांवर पोरं बसली होती.

ऑफिसात समितीचे एक सदस्य तावातावाने म्हणाले, “हिचा दाखला काढून द्या. बाकीच्या पोरी बिघडतील.”

दुसरे म्हणाले, “पोलिसांना कळवा.”

सर म्हणाले, “मी शब्द दिलाय. नाव विचारायचं नाही.”

“आता विचारायचं काय राहिलंय? सगळ्यांनी बघितलं की!”

शब्द मोडला होता की नव्हता, हे कुणालाच सांगता येईना. सगळे माझ्याकडे बघू लागले. सल्ला द्यायला मी आले होते आणि मलाच काही कळत नव्हतं. विकणारा गुन्हेगार, हे ठीक. पण ही पोरगी कोण? गुन्हेगार, की माझी पेशंट?

भाऊसाहेब कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले होते. मांडीवर पेटी तशीच. मग म्हणाले, “मला लई राग आलाय तिचा. घरी गेल्यावर काय बोलू, त्ये बी कळंना. पर ती गप बसली आसती तर कुनाला काय कळनार हुतं? बापाचा हात वाचवायला बोलली. तिचा दाखला काढायचा आसंल तर माझा राजीनामा बी लिहून घ्या.”

दाखला निघाला नाही. पेटी पोलिसांनी नेली, विकणाऱ्याचा शोध चालू आहे म्हणतात. समीक्षा आता बापाबरोबर माझ्याकडे येते. पहिल्या दिवशी सवयीने मी ‘आ कर’ म्हटलं. दात अगदी स्वच्छ. मग तोंड तपासायचं सोडून मी तिच्याशी बोलायला लागले. तलफ अजून येते म्हणते.

या गोंधळातून मला एवढंच समजलं. खरं बोललेल्या पोरीला आपण शाळेतून काढलं असतं, तर पुढच्या वर्षी पेटी रिकामी आली असती. आणि शाळा व्यसनमुक्त झाली, असं मीच वर कळवलं असतं.