साडेतीनला उघडलेलं दुकान

जर्मनीतल्या ज्या लहानशा गावात मी शिकत होते, तिथून प्रागला बसने सहा तास लागायचे. होस्टेलवरच्या मैत्रिणीने शनिवार-रविवारची सहल ठरवली तेव्हा मी नाक मुरडलं. दहा दिवसांवर परीक्षा आणि ही निघाली भटकायला. पण प्रागचं नाव ऐकलं आणि फोनवर बाबाच हट्टाला पेटले. शनिवार पेठेत त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे, आणि प्रागच्या जुन्या चौकातलं ते कित्येक शतकांचं घड्याळ त्यांनी फक्त एका कॅलेंडरवर पाहिलं होतं. दर तासाला त्याच्या वरच्या दोन खिडक्या उघडतात, संतांचे पुतळे एकेक करून पुढून सरकतात, खाली एक सांगाडा घंटेची दोरी ओढतो. "फोटो नको. चालू असताना दाखव," बाबा म्हणाले.

तिथले सकाळचे दहा म्हणजे पुण्यातले दुपारचे दीड. एक ते चार बाबांचं दुकान बंद. त्या वेळात ते झोपतात, आणि एखादा मंत्री जरी बंद पडलेलं घड्याळ घेऊन आला तरी त्याला पायरीवर बसावं लागेल. पण या वेळी ते म्हणाले, "एक दिवस नाही झोपलो तर मरत नाही मी."

शनिवारी दहाला पाच मिनिटं असताना मी चौकात उभी होते. माणसांचा नुसता समुद्र, प्रत्येकाचा फोन डोक्यावर. मी बाबांना व्हिडिओ कॉल लावला. वाजत राहिला. खिडक्या उघडल्या, संत आले, गेले, घड्याळावरचा कोंबडा आरवला, सगळा खेळ मिनिटभरात आटोपला. बाबांनी उचललाच नाही.

आईचा मेसेज आला, "झोपलेत गं. उठले की सांगते."

मी अशी भडकले की विचारू नका. स्वतःच सांगायचं आणि स्वतःच घोरत पडायचं. मैत्रिणीला म्हटलं, तू जा नदीवरचा जुना पूल बघायला, मी इथेच आहे. अकराला पुन्हा तसंच. कॉल उचलला नाही, म्हणून मी रागारागाने सगळं फोनवर टिपलं आणि त्यांना पाठवून दिलं. दोन मिनिटांत त्यांच्या नंबरवरून उत्तर आलं. "खूप छान. मजा कर."

मी ते चार वेळा वाचलं. बाबांनी आयुष्यात कशाला छान म्हटलेलं मला आठवत नाही. दहावीला बोर्डात मराठीत पहिली आले तेव्हा म्हणाले होते, "बरं झालं, आता अर्ज तरी नीट लिहिशील." तरी मी मनाला समजावलं, वय झालं, मवाळ झाले असतील.

बाराला मी आईलाच फोन लावला. "बाबा कुठे आहेत?"

"अगं, ते दुकान उघडायला गेलेत. फोन घरीच राहिला बघ."

पुण्यात तेव्हा साडेतीन वाजले होते.

"आई," मी म्हटलं, "साडेतीन वाजलेत."

तिच्या मागून कुणीतरी एका पेशंटच्या नातेवाइकांना पुकारत होतं. मग तिचा बांध फुटला. पहाटे छातीत दुखायला लागलं होतं, रिक्षातून आणलं, आता आयसीयूत आहेत, आत सोडत नाहीत, डॉक्टर संध्याकाळी सांगू म्हणतात. "तुला मुद्दाम नाही सांगितलं. सांगून तू तिथून काय करणार होतीस?"

मला खूप राग आला, आणि त्याहून वाईट म्हणजे तिचं बरोबर होतं. विमान शोधलं तर ते सोमवारी दुपारी. आमची बस रविवारी. तोपर्यंत मी त्या सुंदर शहरात फक्त उभी राहू शकत होते. लोक मला बाजूला व्हायला सांगत होते, कारण त्यांच्या फोटोत मी येत होते. आईला डबा नेऊन देणं, तिच्याजवळ बसणं, एवढंही मला करता येत नव्हतं. इतकं निरुपयोगी मला कधी वाटलं नव्हतं.

मैत्रीण परत आली आणि न बोलता शेजारी उभी राहिली. एक वाजत आला. काय करावं ते कळेना, म्हणून मी पुन्हा फोन वर धरला. खिडक्या उघडल्यापासून कोंबडा आरवेपर्यंत सगळं टिपलं, आणि बघायला कुणी नाही हे माहीत असूनही बाबांना पाठवलं. संध्याकाळी आई म्हणाली, ब्लॉकेज काढलंय, रात्र जाऊ दे. रात्र कशी गेली ते मी लिहीत बसत नाही.

रविवारी सकाळी आम्ही बसच्या रांगेत होतो. पाठीवर सॅक, हातात तिकीट. बाबांना वॉर्डात हलवल्याचं आईने सकाळीच कळवलं होतं, पण माझा विश्वास बसत नव्हता. ती आता काहीही सांगू शकते, असं मला वाटायला लागलं होतं. तेवढ्यात फोन वाजला. बाबांच्या नंबरवरून मेसेज होता.

"घड्याळ ठीक आहे. पहिला व्हिडिओ बरा होता. दुसऱ्यात हात का थरथरतोय तुझा?"

रांग पुढे सरकली तरी मी तिथेच उभी. मैत्रिणीने मला दंडाला धरून पुढे नेलं. डोळे पुसून मी उत्तर लिहिलं, "गर्दी होती, बाबा. धक्का लागला."