गिअरची गाडी

संजीव नागपूरला गेला तेव्हा सहा महिन्यांत परत येतो म्हणाला होता. आईला अर्धांगवायूचा झटका आला होता आणि घरात दुसरं कुणी नव्हतं. त्याची बायको शैलजा आपल्या नोकरीसाठी आणि मुलीच्या, आन्याच्या शाळेसाठी अमेरिकेत, टेक्सासमधल्या अर्विंगलाच राहिली. त्याला आता दीड वर्ष झालं होतं.

संजीवची गाडी अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये उभी होती. गाडी गिअरची. शैलजाला ऑटोमॅटिकशिवाय दुसरी चालवता येत नसे. बॅटरी उतरू नये म्हणून ती दर रविवारी खाली जायची, गाडी सुरू करायची आणि दहा मिनिटं नुसतीच आत बसायची. बॅटरीला पाच मिनिटं पुरली असती.

मग २००७च्या मे महिन्यात तिच्या स्वतःच्या गाडीचं इंजिन गेलं. नवी घेणं भाग होतं. डीलरकडे अठरा हजारांची एक गाडी तिला पसंत पडली. जुनी काही द्यायची आहे का, असं सेल्समनने विचारलं. तिने संजीवच्या गाडीचं सांगितलं. तो येऊन बघून गेला आणि चार हजार देतो म्हणाला. शिवाय टेक्सासमध्ये जुनी गाडी दिली की तिची किंमत वजा करून उरलेल्या रकमेवरच सेल्स टॅक्स बसतो. म्हणजे अठराऐवजी चौदा हजारांवर. सरळ अडीचशे डॉलर वाचणार होते.

पण तिच्या ऑफिसातला अतुल गाडी शोधत होता. त्याला गिअरची चालणार होती आणि तो एक्केचाळीसशे द्यायला तयार होता. शैलजाला ते जास्त बरं वाटत होतं. का, ते तिने स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं.

शनिवारी सकाळी तिने फोन लावला. नागपुरात रात्रीचे साडेआठ झाले होते, आईंना भरवून संजीव नुकताच मोकळा झाला होता. तिने दोन्ही भाव सांगितले. त्याने फोनवरच हिशोब मांडला. अतुलचे शंभर जास्त, पण त्याला विकली तर टॅक्स पूर्ण अठरा हजारांवर, म्हणजे दीडशेचा तोटा. कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला असताना पहिली गाडी डीलरला देऊनही टॅक्स पुऱ्या किमतीवर भरावा लागला होता, तेव्हा तो दोन दिवस धुसफुसत होता, याची त्याने आठवण करून दिली. दोघं थोडं हसले.

"अतुल ओळखीचा आहे," ती म्हणाली. "नीट ठेवेल."

संजीव म्हणाला, "शैला, ऑफिसच्या पार्किंगमध्ये रोज दिसेल म्हणून त्याला देऊ नकोस."

गाडी राहू दे, मी आल्यावर बघू, एवढंच त्याच्या तोंडून ऐकायला तिने फोन केला होता.

"आईला सोडून मला निघता येणार नाही," तो म्हणाला. "सहा महिने, वर्ष असं आता मी नाही म्हणणार."

गाडी दोघांच्या नावावर होती, म्हणून सहीसाठी कागद कुरियरने नागपूरला गेले आणि अकराव्या दिवशी परत आले. शैलजाने पाकीट उलटं करून झटकलं. आत सही केलेले कागद होते, बाकी काही नाही. सही मात्र त्याने सावकाश, पुऱ्या नावाची केली होती. एरवी तो नुसतं एक वळण मारायचा.

डीलरकडे आन्या सोबत आली. संजीवची गाडी सेल्समनच चालवत घेऊन आला होता. कागदावर टॅक्सपुढे आठशे पंच्याहत्तर लिहिलं होतं. शैलजाने खाली सही केली. खिडकीतून संजीवची गाडी मागच्या आवाराकडे वळताना दिसली. दुसरा गिअर टाकताना सेल्समनने धक्का दिला. संजीवच्या हातून तसा कधी बसला नसता.

नव्या गाडीत बसल्यावर आन्याने सीटबेल्ट लावला आणि समोर बघत विचारलं, "सो बाबा इज नॉट कमिंग बॅक?"

सहा महिन्यांत येईल, हे उत्तर शैलजाने तिला इतक्यांदा दिलं होतं की ते आपोआप ओठांवर आलं.

"नाही," ती म्हणाली. "डिसेंबरमध्ये आपण जाऊ. किती दिवसांसाठी, ते मला अजून माहीत नाही."

आन्याने मान हलवली. नव्या गाडीचा रेडिओ अजून कुठल्याच स्टेशनवर लावलेला नव्हता, ती तो लावत बसली. शैलजाने आरसा आपल्या उंचीला जुळवला आणि गाडी रस्त्यावर काढली.