मागे बघणारा धनराज

गाडी वरोऱ्याच्या स्टँडवर लागली आणि फोन वाजला. लताबाई होत्या. एरवी त्या आधी सिनेमाचं बोलतात, मग कामाचं. त्या दिवशी नुसत्या म्हणाल्या, "भाऊ, धनराजभाऊ राह्यले नाई." दुकानात वाढदिवसाचा बॅनर छापत असताना छातीत कळ आली, चंद्रपूरला नेलं, पण दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं होतं. मी चिमूर-चंद्रपूर गाडीवरचा कंडक्टर. गाडी भरलेली, ड्रायव्हर हॉर्न देत होता. मी चढलो, घंटी मारली आणि चंद्रपूर येईपर्यंत तिकिटं फाडत राहिलो... त्या फोनच्या तासाभर आधी एका अँब्युलन्सला आम्ही साईड दिली होती. तिच्यात तोच होता का, हे मी अजून कुणाला विचारलेलं नाही. विचारायची भीती वाटते.

धनराजचं चिमूरला फ्लेक्सचं दुकान होतं आणि घर ताडोब्याच्या जंगलाला लागून, बफरमधल्या एका खेड्यात. रविवारी दुपारी शटर अर्धं ओढून आम्ही तिघं त्याच्या कॉम्प्युटरवर सिनेमे बघायचो. तिसऱ्या लताबाई, अंगणवाडीच्या. पोरांना दाखवायला म्हणून त्यांनी चित्रांचे छोटे छोटे सिनेमे जमवले आणि स्वतःच त्यांच्या नादी लागल्या. "कार्टून म्हणू नोका," त्या दटावायच्या, "पाच मिनिटांत, एक शब्द न बोलता, तुमच्या तीन तासांच्या हिरोले रडवते ते." मी जुन्या मारधाडीचा भक्त. आणि धनराज भयपटांचा. भयपटाचे नियम त्याला आरतीसारखे पाठ होते. "मांजर होती रे" असं जो म्हणतो तो पुढच्या सीनमध्ये मरतो. एकटा मागे राहतो त्याचं नाव पाटीवरून पुसून टाकायचं. आणि राक्षस मध्यंतराआधी दाखवायचा नाही, दाखवला की निम्मी भीती खलास. यावरून आमची इतकी जुंपायची की बॅनर न्यायला आलेली गिऱ्हाइकं बाहेरच्या बाहेर परत जायची.

एकदा मी म्हटलं, भुताच्या सिनेमाला तोड नाही. धनराज खवळला. "भूत भरल्या पोटाच्या लोकायसाठी असते कंडक्टरसाहेब. आमच्या गावात सकाळी मोह वेचाले जा लागते. वाकलेल्या माणसाले वाघ जनावर समजते. तिथी भूत काय करन?" तो चेष्टेत बोलत नव्हता. त्या साली त्याच्याच गावातली एक बाई मोहाची फुलं वेचता वेचता गेली होती. वाकलेली होती, मागून वाघ आला. टोपली तशीच राहिली होती, अर्धी भरलेली. धनराज ती टोपली आणायला गेलेल्यांत होता, आणि त्यानंतर कितीतरी रविवार त्याने सिनेमा लावलाच नाही.

वाघ समोरून सहसा येत नाही, डोळे दिसले की बिचकतो, म्हणून डोक्यामागे मुखवटा बांधावा, हे त्याने कुठून तरी ऐकलं होतं. फ्लेक्स त्याचा, मशीन त्याचं. प्रश्न एवढाच की चेहरा कुणाचा? आमच्यासारख्या येड्यांना याहून मोठा वाद कुठला मिळणार! मी म्हटलं, गालावर व्रण असलेला, दात विचकणारा तो खलनायक. लताबाई म्हणाल्या, दात विचकणाऱ्याला कोण भितं? भीती वाटते ती गप्प बघणाऱ्या माणसाची, सिनेमात खुर्चीत बसून नुसता बघत राहणारा सासरा असतो ना, तसा. आम्ही माझाच खलनायक छापून गावात नेला. बायका हसून हसून जमिनीवर बसल्या. एक म्हातारी म्हणाली, "याले पाहून वाघ बी हासंन बापा." मग लताबाईंनी धनराजकडे टक लावून पाहिलं. त्याचे डोळे आधीच मोठे, जरा बाहेर आलेले, आणि सिनेमा बघताना पापणी लवायची नाही. "फोटो काढा यायचा," त्या म्हणाल्या.

असा धनराज त्या गावातल्या वीसेक बायकांच्या डोक्यामागे गेला. आम्ही त्याची काय कमी खेचली? मी म्हणायचो, वीस बायका मागे लागलेला हिरो पाहिला होता, वीस बायकांच्या मागे लागलेला तूच. वनितावहिनी, त्याची बायको, तोंडाला पदर लावून म्हणायची, "घरी बी हेच तोंड, जंगलात बी हेच. जाव कुठी?" पण त्या मोसमात गावातलं कुणी गेलं नाही. मुखवट्यामुळे की नशिबामुळे, देव जाणे. बायका मात्र मुखवट्याशिवाय पाऊल टाकेनात. जिवंत माणसाचा चेहरा वापरतो आहोत, आणि माणूस काही कायम जिवंत राहत नाही, ही साधी गोष्ट भयपटाचे सगळे नियम पाठ असलेल्या आम्हा तिघांच्याही डोक्यात आली नाही.

पुढे त्याने स्वतःच एक दोन मिनिटांचा चित्रांचा सिनेमा केला. रात्रंदिवस खपून शेकड्यांनी चित्रं काढली. मुखवट्याच्या डोळ्यांतून दिसणारं जंगल, बस्स. बाई पुढे चालते आणि मुखवट्याला फक्त मागे पडणारं दिसतं. वाट, मोहाचं झाड, मग गवत. गवत हलतं. मुखवट्याला दिसतं, पण त्याला तोंड उघडता येत नाही... इथे संपला. मी भांडलो. वाघ दाखवलाच पाहिजे, शेवटी तरी दाखव, प्रेक्षकाला कळायला नको काय झालं ते? लताबाई मात्र डोळे पुसत होत्या. धनराज एवढंच म्हणाला, "मले तरी कुठी मालूम हाय काय झालं ते." मला तो सिनेमा तेव्हा आवडला नाही. आता लावायचं धाडस होत नाही.

तो गेला आणि तेराव्याच्या आधीच बायकांनी मुखवटे भिंतीकडे फिरवून ठेवले. कुणी नदीत सोडून आली. फागुन लागला, मोह टपकायला लागला, आणि बायका उघड्या पाठीने जंगलात जाऊ लागल्या. लताबाईंना कळलं तेव्हा मोहाखाली वाघाच्या पंजांचे ताजे ठसे दिसल्याचंही कळलं. आम्ही दोघं गावात धावलो. मी म्हटलं, दुसरा चेहरा छापून आणतो, चंद्रपूरहून आणतो. पण मोह तोवर थांबणार नव्हता, आणि तोवर जुनेच बांधा म्हटलं तर बायका ऐकेनात. तीच म्हातारी म्हणाली, "मेलेल्या माणसाचं तोंड डोस्क्यामागं बांधाचं? तो पाठीवर बसला तं उतरवाचा कसा? वाघ एकदाच खाते भाऊ." भूत मोठं की वाघ मोठा, हा वाद मी दुकानात चहा पीत घातला होता. इथे त्या बायकांना त्यातलं एक भय निवडून जंगलात शिरायचं होतं.

वनितावहिनी दारात उभी राहून ऐकत होती. या मोसमात ती अजून बाहेर पडली नव्हती. आत गेली, आपला मुखवटा घेऊन आली. "उद्या मी येतो," ती बायकांना म्हणाली. "मी बांधतो. त्यायले पाठीवर बसाचं असन तं माह्या पाठीवर बसतीन, तुमच्या काऊन बसतीन?" मग एकेक जण घरात जाऊन आपला मुखवटा घेऊन आली. ज्यांचे नदीत गेले होते त्यांच्यासाठी वहिनीने घरात उरलेले काढले. बायका एका ओळीने चालतात, आणि शेवटची जागा सगळ्यात वाईट, म्हणून ती रोज बदलते. म्हातारी वहिनीला म्हणाली, "तू समोर राह्य बाई. मंग तुले त्याचं तोंड दिसाचं नाई."

"मी मागं राह्यतो," वहिनी म्हणाली. "रोज."

मी मध्ये पडलो. म्हटलं, वहिनी, शेवटी चालायचं म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. असं करू नका. मनात आलं ते बोललो नाही, की तिला परत यायचंच नाही की काय. तिने माझ्याकडे बघितलं. "चेहरा दिसते समोर, म्हणून चालणं होते भाऊ. घरात तं फोटोले बी हार घातला लोकायनं." तरी मी हात जोडले. "माह्याबी मागं हायेत न ते," ती म्हणाली आणि विषय संपवला.

दुसऱ्या दिवशी माझी सुटी होती. उजाडताना मी गावाच्या कडेला जाऊन उभा राहिलो. बायका टोपल्या घेऊन निघाल्या. सगळ्यांची पाठ माझ्याकडे, म्हणून सगळीकडून धनराज माझ्याकडे बघत होता. शेवटचा वहिनीचा. न लवणाऱ्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत बघत तो झाडांत गेला. मला पळून जावंसं वाटलं. मी थांबलो. थोड्या वेळाने आतून चितळ ओरडलं, वाघाची चाहूल लागली की ओरडतं तसं. एकदा, मग पुन्हा. मग काहीच नाही. भयपटात हा सीन तीस सेकंदांचा असतो. मी तिथे ऊन डोक्यावर येईस्तोवर उभा होतो, आणि इतक्या वर्षांत जेवढे देव विसरलो होतो तेवढे सगळे आठवून झाले.

बायका परत आल्या तेव्हा समोरून खरे चेहरे आले. घामेजलेले, थकलेले, दोघी-तिघी हसत होत्या. ओळ संपली असं वाटलं आणि मी झाडांकडे निघालो. मग गवताच्या वळणावरून वहिनी आली. टोपली खाली ठेवली, मुखवट्याची नाडी सोडली, तो समोर धरून बघत राहिली. धुळीने धनराज ओळखू येत नव्हता.

"चितळ कायले ओरडलं?" मी विचारलं.

"मी वळून नाई पाह्यलं," ती म्हणाली. "यायले मालूम." आणि पदराचं टोक ओलं करून तिने आधी त्याचे डोळे पुसले.