पानांत दडलेली वुडकॉक

बिश्केकच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं लोकांचे आवाज ऐकून अनारकुलचे कान किटले होते. निवृत्त झाल्यावर तिने गळ्यात दुर्बीण अडकवली आणि घरामागची एल्मच्या झाडांची बाग गाठली. दर शरदात उत्तरेकडून निघालेले पक्षी तिथे दोन घटका विसावत. नुसत्या चिवचिवाटावरून कोण आलंय ते तिला कळायचं. बागेत येणारे सगळे तिला 'एजे' म्हणत. थोरल्या बहिणीचा मान होता तो. पण मान देऊन कुणी गप्प बसेल तर शपथ!

बाकावरचा म्हातारा मामेतली रोज विचारायचा, "काय एजे, आज किती कोंबड्या मोजल्या?"

"तुला धरून एक," ती म्हणायची.

त्या ऑक्टोबरात एका सकाळी जर्दाळूच्या झाडाखाली, वाळक्या पानांच्या ढिगात, तिला एक डोळा दिसला. मग लांब चोच. वुडकॉक, सहसा नजरेला न पडणारी पक्षीण! अकरा शरद ती हिची वाट बघत होती. रात्रभर उडून आलेला जीव पानांच्या रंगात मिसळून निपचित पडला होता. अंधार पडेपर्यंत हलणार नव्हता. अनारकुलने श्वास रोखला, आणि तेवढ्यात मागून घुर्रर्र आवाज आला.

बागेचा झाडूवाला केनेश पानं उडवायचं मशीन पाठीला लावून येत होता.

"बंद कर ते! इथली पानं आज राहू दे."

"एजे, दुपारी साहेब बघायला येणार आहेत. एक पान दिसलं तर माझी खैर नाही."

आता काय सांगावं? पक्षी आहे म्हटलं तर अर्ध्या तासात अख्खा मोहल्ला मोबाइल घेऊन हजर. शिवाय पलीकडच्या इमारतीतला तो शिकारी कुत्रा पाळणारा गडी. तिच्या तोंडून निघून गेलं, "माझं कानातलं पडलंय इथे. आईचं होतं. तू मशीन लावलंस तर गेलंच म्हणून समज."

केनेश भला माणूस. त्याने मशीन बंद केलं आणि तिथेच गुडघ्यावर बसला. "शोधू या की मग!"

"नको! मी शोधते."

"असं कसं एजे? आईची वस्तू!" त्याने हाक घातली. मामेतली काठी टेकत आला. नानवाली बाई टोपली ठेवून आली. लग्नाचे फोटो काढायला आलेली नवरी झगा उचलून वाकली. अनारकुल हात पसरून ढिगापुढे उभी राहिली आणि वैतागून ओरडली, "अरे, कुणी सांगितलं तुम्हाला मदत करायला? जा ना आपापल्या कामाला!"

लोक एवढे चांगले असू नयेत, तिला वाटलं.

मामेतलीने डोळे बारीक केले. "अगं एजे, तुझ्या दोन्ही कानांत तर आहेत!"

सगळे तिच्या कानांकडे बघू लागले. नवरी खुदकन हसली आणि एक पाऊल मागे सरली, नेमकी ढिगाच्या कडेवर.

फडफड झाली. तपकिरी गोळा तिच्या डोक्यावरच्या जाळीदार ओढणीला घासून वर उठला, एल्मच्या फांद्यांतून वाकडातिकडा गेला आणि कालव्यापलीकडे, बालवाडीच्या कुंपणाआड, झुडपात उतरला. नवरी किंचाळली. फोटोवाला कॅमेरा सावरत राहिला.

"तितर," नानवाली म्हणाली.

"कोंबडीच," मामेतली म्हणाला.

अनारकुलला हसावं की रडावं कळेना. खाली बसून तिने सगळं खरं सांगून टाकलं, एकूण एकाला शिव्या घालत. लांबचा प्रवास, थकवा, दिवसभराची झोप, आणि ही तुमची मदत! केनेश मान खाली घालून ऐकत होता.

"आता बालवाडीत तिला कोण उठवेल?" त्याने विचारलं.

"आज रविवार. कुणी नाही," ती अजून धुसफुसत म्हणाली. "नशीब तिचं."

ती संध्याकाळपर्यंत कुंपणाबाहेर उभी राहिली. केनेश साहेबांना तोंड दाखवून आला आणि तिला गरम चहा देऊन शेजारी थांबला. मामेतलीही आला, बडबडतच. उजेड विझता विझता झुडपातून एक सावली उठली आणि दक्षिणेकडे निघून गेली.

"लांब चोच होती खरी," मामेतली हळूच म्हणाला.

"गप्प बस," अनारकुल म्हणाली, आणि डोळे पुसून वहीत नोंद करू लागली.