सुकेशनीचं बिनमाईकचं गाणं

पालमच्या सुकेशनीचा आवाज लहानपणापासून असा चढा, की आई रुख्मिणी तिला दुकानात पाठवताना बजावायची, "हळू बोल माय, लोक भांडण समजतेत." पुढे ही पोरगी संगीत शिकायला पुण्याला गेली आणि ऑपेरा घेऊन आली. ऑपेरा म्हणजे सगळं गाऊन केलेलं परदेशी नाटक. त्यात बायकांच्या सगळ्यात उंच पट्टीत ती गाते. मुंबईत तीन वर्षं तिनं ऑपेरातल्या मोलकरणींच्या भूमिका केल्या. दिवा ठेवायचा, चार ओळी गायच्या, निघून जायचं. यंदा मात्र नायिकेचं काम आलं. तालमी जूनपासून.

अडलं होतं ते तिच्या वडलांपाशी. सूर्यभानदादांच्या गायन पार्टीचं एके काळी तालुक्यात नाव होतं. पुढं घसा गेला, पण अधिकार गेला नाही. "शब्दच कळंनात, ते कसलं गानं?" हे त्यांचं शास्त्र. लेकीसाठी त्यांनी जूनपासूनच एका शाळेत संगीत शिक्षिकेची जागा बघून ठेवली होती. बापलेक दोघंही हट्टी, तेव्हा तोडगाही तसाच निघाला.

"बुद्धपौर्णिमेच्या कार्यक्रमात रानीसावरगावात गा," दादा म्हणाले. "लोक बसले तर मुंबई, उठले तर शाळा."

सुकेशनीनं विचार करण्याआधीच हो म्हणून टाकलं.

पौर्णिमेच्या संध्याकाळी सहाला तिथल्या विहारापुढच्या सतरंज्या भरल्या. सुकेशनी स्टेजवर आली आणि म्हणाली, "मला माईक नको. ऑपेरात बिनमाईकचंच गातेत."

इथंच घात झाला. साउंडवाल्या महारुद्रला वाटलं, पोरगी आपल्या सामानाला नावं ठेवायलीय. नवी मशीन कालच तर परभणीहून आणलेली. तिनं सूर लावताच हा माईक घेऊन तोंडापाशी हजर. ती एक पाऊल मागं, हा एक पाऊल पुढं. अर्ध्या गाण्यात दोघांनी सगळा स्टेज पालथा घातला. बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या.

मग तो चढा सूर आला. स्पीकरचा बॉक्स किंचाळला आणि महारुद्रनं घाबरून वायरच उपटली. आता राहिला नुसता तिचा आवाज, आणि तो पार एसटीच्या थांब्यापर्यंत गेला.

आणि लोक उठले. पुढचे, मागचे, म्हातारे, पोरं, सगळेच. सुकेशनीनं ते पाहिलं. संपलं, आता शाळा. पण लावलेला सूर अर्ध्यात सोडणं तिला जमेना, म्हणून भरल्या डोळ्यांनी तिनं गाणं शेवटाला नेलं. गेलं मात्र कुणीच नव्हतं. मशीन बंद असताना आवाज निघतोय कुठून, ते बघायला मंडळी टाचा उंचावून उभी होती.

दादा स्टेजमागं आले. सुकेशनी घाईनं म्हणाली, "पप्पा, लोक उठले. जाते मी शाळेत."

त्यांनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. "एवढ्या लांब सुरात दम कुठं घेतीस गं? मी ध्यान देऊन बघायलो, पर दिसलाच न्हाई."

आजवर त्यांनी तिला मार्क विचारले होते, जेवलीस का विचारलं होतं, लग्नाचंही विचारून झालं होतं. गाण्यातलं काही विचारलं ते आज. सुकेशनीला रडू कोसळलं. दादांचाच हात त्यांच्या पोटावर ठेवत ती म्हणाली, "इथं घ्यायचा, पप्पा."

दादांनी दम घेऊन बघितला. खोकला आला. तो जिरल्यावर म्हणाले, "परत दाखव. जूनात तू मुंबईला गेल्यावर कोन दाखवंल?"