दुपारी सुटणारी बोटे

दीड वर्ष मी एक चिठ्ठी जुन्या पंचांगात दडवून ठेवली होती, आणि ही गोष्ट गेल्या महिन्यापर्यंत कुणालाही सांगितली नव्हती. संध्येला बसल्यावर मनातल्या मनातसुद्धा नाही.

तो भाद्रपद होता. पुराचे पाणी नुकतेच ओसरले होते, काशीतल्या दुर्गाघाटाच्या पायऱ्यांवर मऊ राखाडी गाळ साचला होता आणि त्याचा ओलसर, किंचित कुजकट गंध गल्ल्या चढत आमच्या स्वयंपाकघरापर्यंत आला होता. महाराष्ट्रातून येणाऱ्या यजमानांची श्राद्धे करविण्याचे काम आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. मंत्र मी म्हणायचे, आणि ब्राह्मणभोजनाचा स्वयंपाक घरच्या सुनेने पहाटे स्नान करून, सोवळ्यात, दुसऱ्या कुणाचा हात लागू न देता करायचा, अशी आमच्याकडची रीत. शैला, माझी पत्नी, तेवीस वर्षे हे निमूटपणे करीत आली होती. त्या वर्षी मात्र पहाटे तिला लुगडे पिळता येईना. पाण्याने भरलेला तांब्या हातातून सुटे. बोटांच्या मधल्या सांध्यांवर सूज दिसू लागली, म्हणून गल्लीतल्या डॉक्टरांना हात दाखवले. ती जिना उतरून पुढे गेल्यावर त्यांनी चिठ्ठी माझ्या हातात ठेवली: रक्ताच्या तपासण्या करा, संधिवाताच्या तज्ज्ञांना दाखवा. “देर मत कीजिएगा, पंडितजी,” असेही ते म्हणाले.

पितृपक्षाला अकरा दिवस होते. यजमान येऊन उतरू लागले होते. मी शैलाला सांगितले, वाताचे आहे म्हणाले, तेल लावून शेकायला सांगितले आहे. पुढे नवरात्र आले, मग कार्तिक आला, आणि चिठ्ठीची घडी उलगडण्याइतका मोकळा दिवस काशीत मला सापडला नाही, असे मी स्वतःला समजावीत राहिलो.

लपवण्याहून वाईट ते पुढे घडले. तिचे दुखणे खरे मानले तर मी कोण ठरतो, हा प्रश्न सोसवेना, म्हणून मी ते खोटे मानू लागलो. आणि खोटे मानायला मला पुरावाही मिळाला. पहाटे लाकडासारखी ताठ झालेली तिची बोटे दुपारी, पाने वाढून उष्टी काढून झाली की, हळूहळू सुटत. उतरत्या उन्हात ती ओट्यावर बसून वाती वळी, शेजारणीशी बोलता बोलता मटार सोली, आणि मी उंबऱ्यातून पाहत मनाशी म्हणे, काम संपले की बरी होते! एकदा मंगला गौरीच्या देवळापाशी राहणाऱ्या आमच्या काकूंकडे मी हे बोलूनही गेलो. काकू म्हणजे इथल्या आम्हा चारपाच मराठी घरांतल्या सर्वांत वडील. त्यांच्या ओसरीवर पडलेला शब्द संध्याकाळच्या आत सगळीकडे पोचतो. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांनी सगळ्यांदेखत विचारले, “काय गं शैले, हात आज कामावर आलेत ना?” बायका हसल्या. शैलाही हसली, आणि तिळगुळाची वाटी दोन्ही तळव्यांमध्ये धरून तशीच उभी राहिली. तिला ती बोटांनी धरता येत नव्हती.

होळीला मुलगी मुक्ता लखनौहून आली, आईचे हात हातात घेऊन एकेक सांधा चाचपून पाहिला आणि म्हणाली, “बाबा, उद्या आईला डॉक्टरांना दाखवायला न्यायचंच. बस्, ठरलं.” मोठ्या रुग्णालयातल्या त्या खोलीत डॉक्टरीणबाई मुक्ताहून जेमतेम थोड्या मोठ्या असाव्यात. कधीपासून दुखते, या प्रश्नाला दोनेक महिने झाले असे उत्तर मी दिले. शैलाने, विसरभोळ्या माणसाला आठवण द्यावी तशा सहजतेने, ते दुरुस्त केले: “अहो, पितृपक्षाच्या आधीपासून.”

“माताजी, सुबह उँगलियाँ कितनी देर जकड़ी रहती हैं?”

“ग्यारह-बारह बजे तक। फिर खुल जाती हैं।”

त्यांनी मान डोलावली आणि जे ऐकायचे होते तेच ऐकल्यासारखे लिहून घेतले. लबाडीची खूण म्हणून जे मी महिनोन्‌महिने मनात जपले होते, ते त्या रोगाचे लक्षण होते.

तपासण्या झाल्यावर त्यांनी समजावून सांगितले की शरीराचे रक्षण करणारी शक्तीच वाट चुकून आपल्याच सांध्यांवर उठते. पूर्वी नुसते वेदनाशामक देत बोटे वाकेपर्यंत पाहत राहावे लागे, आता मुळातल्या रोगालाच लगाम घालणारी औषधे आहेत, आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी, मधूनमधून रक्ताची तपासणी, आणि तेवढ्याने भागले नाही तर इंजेक्शनेही. फक्त लवकर सुरू करायला हवे. आधी आलो असतो तर, असे मी दारातून परत वळून विचारले. “शायद ये दो भी बच जातीं,” उजव्या हाताच्या वाकू लागलेल्या दोन बोटांकडे पाहून त्या म्हणाल्या, “पर बाकी आठ हैं ना।”

गोळीसाठी शैलाने सोमवार निवडला. महादेवाचा वार, विसरायचा नाही, म्हणाली. वैशाखात सूज उतरली. गेल्या पितृपक्षात वड्यांची डाळ मी वाटली, सोवळे नेसून, आणि शास्त्राने हे मला कधीच मना केले नव्हते हे पाट्यापाशी बसल्यावर पहिल्यांदा ध्यानात आले.

गेल्या महिन्यात, माघातल्या कोवळ्या उन्हात, गच्चीवरून पाणी निथळण्याचा आवाज आला. वर गेलो तर ती माझे धोतर पिळत होती. दोन बोटे बाजूला राहिली होती, पण पीळ घट्ट बसत होता आणि धार लखलखत दगडी पन्हाळीत पडत होती. मी तिथेच, धोतराचे दुसरे टोक हातात घेऊन, चिठ्ठीचे, आणि काकूंकडे बोललो होतो तेही, सगळे सांगून टाकले.

तिने ते टोक माझ्या हातातून सोडवून घेतले. धोतर झटकून दोरीवर टाकले, निऱ्या नीट केल्या.

“चिठ्ठी माझ्यापासून लपवलीत. तिचं काय करायचं ते माझं मी ठरवीन,” ती म्हणाली. “पण मी ढोंगी, हे तुम्ही चार घरी सांगून आलात. ते मी कसं पुसू?”

त्या दिवसापासून मला हलके वाटते हे खरे. लपवण्यासारखे आता घरात काही उरलेले नाही. तिने मला क्षमा केली आहे की नाही, मी विचारलेले नाही. दोनदा मंगला गौरीपर्यंत जाऊन मात्र मी परतलो आहे. काकूंना हल्ली कमी ऐकू येते. त्यांना काही सांगायचे तर गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगावे लागते. शैलाचे दुखणे खरे होते, खोटे मी बोललो, हे त्या ओसरीवर उभे राहून मोठ्याने म्हणणे, एवढे देणे मी तिचे अजून लागतो.